कैद्यांना बंदुका परत देणारा माणूस : ‘हार्बिन’ पिक्चर आणि 1908 च्या एका निर्णयाचं प्रकरण

‘हार्बिन’ हा कोरियन पिक्चर बघितलेल्या बऱ्याच जणांची एकच तक्रार असते, फार स्लो आहे. जपानी सत्तेविरुद्ध लढणाऱ्या क्रांतिकारकांवरचा पिक्चर, हिरो ह्युन बिन क्रांतिकारक आन जुंग-गनच्या भूमिकेत, शेवटी चीनमधल्या हार्बिनच्या स्टेशनवर तो जपानी नेते इतो हिरोबुमी यांच्यावर गोळ्या झाडणार हे इतिहासातून आधीच माहीत, मग मधला सगळा वेळ ही माणसं अंधाऱ्या खोलीत टेबलाभोवती बसून सिगरेटी का ओढतायत आणि बर्फातून चालतच का राहिलीयत, असं लोकांना वाटतं आणि ते वाटणं साहजिक आहे. मला मात्र हा संथपणा मनापासून पटला, आणि का पटला ते सांगायचं तर पिक्चरच्या सुरुवातीकडे जावं लागतं. तिथे एक लढाई आहे, लढाईनंतर काही जपानी कैदी हाताला लागलेत, आणि त्यांचं करायचं काय यावर आपल्याच माणसांत जोरदार वाद आहे. पुढचं सगळं, म्हणजे फुटलेली तुकडी, एकमेकांवरचा संशय, कापलेलं बोट, हार्बिनचं स्टेशन, या सगळ्याचं मूळ त्या वादात आहे. आणि हा प्रसंग पटकथेसाठी रचलेला नाही, तो खरंच घडलाय. म्हणून पिक्चरचं परीक्षण लिहिण्यापेक्षा तो एक निर्णयच प्रकरण म्हणून नीट उलगडून बघावा असं वाटलं.

आधी परिस्थिती

1904-05 च्या युद्धात जपानने रशियाला हरवलं तेव्हा आशियाभर लोकांना भरतं आलं होतं, आपल्याकडे महाराष्ट्रातसुद्धा जपानचं केवढं कौतुक झालं, एका आशियाई देशाने युरोपातल्या बलाढ्य साम्राज्याला पाणी पाजलं म्हणून. आणि ज्या वर्षी हे कौतुक चाललं होतं त्याच वर्षी, 17 नोव्हेंबर 1905 ला, जपानने कोरियाकडून एक तह लिहून घेतला आणि कोरियाचा परराष्ट्र कारभार स्वतःच्या हातात घेतला, म्हणजे देश नावाला स्वतंत्र पण बाहेरच्या जगाशी बोलायचा अधिकारच गेला. हा तह करून घ्यायला सोलला आले होते इतो हिरोबुमी, चार वेळा जपानचे पंतप्रधान झालेले, जपानच्या राज्यघटनेमागचं मुख्य डोकं. 1906 पासून कोरियातले पहिले रेसिडेंट जनरल, म्हणजे तिथला जपानचा सर्वोच्च अधिकारी, तेच झाले. 1907 मध्ये कोरियाचा सम्राट गोजोंग याने हेगच्या शांतता परिषदेला गुपचूप तीन माणसं पाठवून दाद मागायचा प्रयत्न केला, परिषदेने त्यांना आत घेतलं नाही, आणि जुलैमध्ये सम्राटालाच गादी सोडायला लागली. पाठोपाठ 1 ऑगस्टला कोरियाचं उरलंसुरलं सैन्य बरखास्त झालं.

बरखास्त झालेल्या सैनिकांतले कितीतरी जण बंदुका घेऊन डोंगरात गेले, त्यांना शेतकरी, शिकारी, शिकलेल्या घरांतली मुलं येऊन मिळाली. या फौजांना उइब्योंग म्हणायचे, पगार नाही, गणवेश नाही, देशासाठी स्वतःहून उभे राहिलेले लोक. जपानी सैन्य त्यांना सैनिक मानत नव्हतं, दंगलखोर मानत होतं, आणि हाती लागलेल्या माणसाला त्याच हिशेबाने वागवत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण वादाचं मूळ इथे आहे.

आन जुंग-गनचा जन्म 1879 चा, हेजूचा, घर खात्यापित्या सरदार घराण्यातलं, लहानपणापासून शिकारीचा नाद आणि नेम पक्का. 1897 मध्ये तो कॅथलिक झाला, विल्हेल्म नावाच्या फ्रेंच मिशनरी फादरनी त्याला बाप्तिस्मा दिला, थॉमस हे नाव मिळालं, आणि हा धर्म त्याने वरवर घेतला नव्हता, अगदी शेवटपर्यंत धरून ठेवला. 1906 च्या सुमाराला त्याने स्वतःच्या पैशाने शाळा चालवल्या, शिक्षणातूनच देश उभा राहील अशी त्याची समजूत होती. 1907 नंतर ती उमेद संपली आणि तो सरहद्द ओलांडून रशियाच्या हद्दीत, व्लादिवोस्तोककडे गेला. तिकडे स्थायिक झालेल्या कोरियन लोकांची मोठी वस्ती होती, चोई जे-ह्योंगसारखा श्रीमंत व्यापारी पैसा आणि हत्यारं पुरवायला तयार होता. तिथे जी फौज उभी राहिली तिच्यात आनला चीफ ऑफ स्टाफच्या दर्जाचा हुद्दा मिळाला. हा हुद्दा पुढे कोर्टात फार महत्त्वाचा ठरतो.

नेमकं काय घडलं

1908 च्या पावसाळ्यात तीनशेच्या आसपास माणसं घेऊन आन तुमेन नदी ओलांडून कोरियाच्या हद्दीत शिरला. पहिल्या एक-दोन चकमकींत यश आलं, शिनासानची लढाई म्हणून जी ओळखली जाते ती याच मोहिमेतली, आणि काही जपानी सैनिक आणि व्यापारी जिवंत हातात आले. आता पुढचा भाग आनने तुरुंगात लिहिलेल्या आत्मचरित्रात स्वतः सांगितलाय, त्यामुळे हे त्याच्याच बाजूचं वर्णन आहे हे धरूनच वाचायचं. त्याने कैद्यांना समोर बोलावून विचारलं, की तुमच्या सम्राटाने युद्धाच्या वेळी पूर्वेची शांतता आणि कोरियाचं स्वातंत्र्य राखू असं जाहीर केलं होतं, मग हे काय चालवलंय तुम्ही. कैदी रडायला लागले, म्हणाले हे आमच्या मनाने होत नाही, वरच्या लोकांचं आणि इतोचं काम आहे, आमच्या देशातही गरीब माणूस या लढायांनी पिचलाय. आनने त्यांना सोडायचं ठरवलं. मग कैदी म्हणाले, हत्यार नसताना परत गेलो तर लष्करी कायद्याने आमची खैर नाही. तर त्याने त्यांच्या बंदुकाही परत दिल्या.

इथे जरा थांबूया, कारण हे वाचताना कुणाचाही जीव वरखाली होईल. कैदी सोडणं एक वेळ समजू शकतं. पण ज्या फौजेकडे एकेक बंदूक जीव टाकून मिळवलेली आहे, तिच्या अधिकाऱ्याने हातात आलेल्या बंदुका शत्रूला उचलून द्यायच्या?

साथीदार भडकले आणि त्यांचं म्हणणं काही वेड्यासारखं नव्हतं. ते म्हणत होते, आपली माणसं त्यांच्या हातात सापडली की ते हालहाल करून मारतात, आपण इथे त्यांना मारायलाच आलोय, आणि पकडलेले असे सोडून द्यायचे असतील तर आपण लढतोय कशाला. आनचं उत्तर दोन पायांवर उभं होतं. एक म्हणजे आंतरराष्ट्रीय कायदा, पकडलेल्या कैद्याला मारायची परवानगी कुठेही नाही, त्याला ठेवून घ्यायचं आणि नंतर मोबदला घेऊन परत करायचं असा नियम आहे. दुसरं म्हणजे शत्रू रानटीपणा करतो म्हणून आपणही तोच करायचा का, आणि जपानचे चार कोटी लोक मारून देश परत मिळवणार आहात का. आपण दुबळे आहोत, दुबळ्याकडे न्यायाची बाजू सोडून दुसरं हत्यार नसतं, असा एकूण त्याचा रोख होता. सगळ्यांना पटलं नाही. काही अधिकारी आपापली माणसं घेऊन वेगळे निघून गेले.

त्यानंतर जपानी सैन्याने गाठलं. चार-पाच तास लढाई, मग अंधार, वरून धो धो पाऊस, कोण कुठे गेलं पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी थोडी माणसं परत एकत्र आली तोपर्यंत सगळे उपाशी आणि सैरभैर. शेवटी आनबरोबर दोन-तीन जणच उरले आणि ते डोंगरातून, चिखलातून, गावं टाळत नदीच्या दिशेने चालत राहिले. त्याने लिहिलंय की बारा दिवसांत दोनदाच जेवायला मिळालं. या भटकंतीत, उद्या जगू की नाही माहीत नसताना, त्याने बरोबरच्या दोघांना बाप्तिस्मा दिला. रशियाच्या हद्दीत पोचेपर्यंत मोहिमेला जवळजवळ दीड महिना झाला होता आणि अंगावर इतकं कमी मांस उरलं होतं की ओळखीच्या माणसांनी त्याला पटकन ओळखलं नाही. व्लादिवोस्तोकच्या लोकांनी स्वागताचा कार्यक्रम ठेवला तर तो म्हणाला, हरून आलेल्या माणसाने कुठल्या तोंडाने स्वागत घ्यायचं.

त्याच्याकडे दुसरे कुठले रस्ते होते

शांतपणे विचार केला तर चार रस्ते दिसतात. मारून टाकणं, सोबत ठेवणं, हत्यार काढून घेऊन सोडणं, आणि हत्यारासकट सोडणं. सोबत ठेवणं हे कायद्याच्या पुस्तकातलं बरोबर उत्तर आहे पण त्यासाठी तळ पाहिजे, पहारा पाहिजे, शिधा पाहिजे, आणि इथे स्वतःलाच खायला नाही, तळ नदीपलीकडे दुसऱ्या देशात, त्या देशावर जपानचा दबाव, त्यामुळे कैदी घेऊन तिकडे जाणंही अवघड. म्हणजे तो रस्ता कागदावरच. मारणं सगळ्यात सोपं होतं आणि त्या वेळच्या त्या डोंगरात कुणी जाब विचारणारं नव्हतं.

माझं मत विचाराल तर कैद्यांना सोडण्याचा निर्णय योग्य होता आणि बंदुका देणं चूक होतं. बंदुका परत करायला कुठलाच कायदा सांगत नाही, ती दया होती, आणि दयेची किंमत त्याच्या एकट्याने मोजायची नव्हती, ती तीनशे जणांनी मोजली. साथीदारांना या निर्णयात विचारात घेतलं गेलं नाही हेही आहे, त्याच्याच वर्णनात आधी सोडलेलं आहे आणि मग वाद झालाय. उपाशी, गणवेश आणि पगार नसलेल्या फौजेत अधिकाऱ्याच्या शब्दाला बळ फक्त विश्वासाचं असतं, आणि तो विश्वास एका दुपारीत तुटला. लढाई हरली यापेक्षा हे नुकसान मोठं, कारण त्यानंतर आनला इतकी मोठी फौज घेऊन परत नदी ओलांडता आली नाही.

पिक्चर हे कसं दाखवतो

डायरेक्टर वू मिन-हो आणि कॅमेरामन होंग क्योंग-प्यो यांनी पहिल्याच फ्रेममध्ये गोठलेल्या तुमेन नदीवरून एकटा चालणारा आन दाखवलाय, एवढा मोठा पांढरा पसारा आणि त्यात मुंगीएवढा माणूस, पडतो, उठतो, परत चालतो. खऱ्या इतिहासात तो पावसाळा होता, बर्फ नव्हतं, पण मला याचं वाईट वाटत नाही, कारण त्याच्या लिखाणातला तो न संपणारा चालण्याचा त्रास त्या बर्फात जसाच्या तसा उतरलाय. मग लढाई मागे जाऊन दाखवलीय आणि ती मात्र चिखल-बर्फाची, बंदूक सोडून हाताने, दगडाने, जे मिळेल त्याने गळे दाबत चाललेली, हिरोगिरी शून्य. आणि त्या चिखलातून बाहेर आल्यावर लगेच कैद्यांचा वाद. कॅमेरा तिथे घाई करत नाही. आनच्या विरोधात बोलणारा अधिकारी, ली दोंग-उकने केलेला, त्याला पिक्चरने खलनायक केलेलं नाही, त्याचा राग खरा वाटतो आणि तो आपली माणसं घेऊन निघून जातो तेव्हा आपल्याला त्याचंच बरोबर वाटायला लागतं. हा पिक्चरचा सगळ्यात प्रामाणिक भाग आहे.

यानंतर जो संथपणा सुरू होतो तो मला म्हणूनच पटतो. खोल्यांमध्ये बसलेली ही माणसं प्लॅन करतायत हे खरं, पण प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न आहे, याच्यामुळे आपले इतके लोक गेले, आता याच्या मागे परत जायचं का. चेहऱ्याच्या एका बाजूला दिव्याचा उजेड, बाकी काळोख, कुणी पटकन बोलत नाही. घरात कुणी गेल्यावर तेराव्यापर्यंत जी शांतता असते, सगळे कामं करत असतात पण कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही, तशी ती शांतता आहे. फास्ट कटिंग केलं असतं तर हे ओझं कळलंच नसतं, प्लॅन आणि पाठलाग एवढंच उरलं असतं. होंग यांना या पिक्चरच्या कॅमेऱ्यासाठी 2025 च्या कोरियातल्या बेकसांग पुरस्कारांमध्ये चित्रपट विभागातला सर्वोच्च मान मिळाला, कॅमेरामनला तो मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि थिएटरमध्ये बघितलं तर का मिळाला ते कळतं.

पण एका ठिकाणी माझं पिक्चरशी भांडण आहे. सोडलेल्या कैद्यांमध्ये मोरी तात्सुओ नावाचा एक अधिकारी आहे, तो परत येऊन कत्तल करतो आणि मग पूर्ण पिक्चरभर आनचा पिच्छा पुरवतो. हे पात्र काल्पनिक आहे. पटकथेला चेहरा असलेला शत्रू हवा असतो हे मान्य, पण त्यामुळे एका तत्त्वाचा प्रश्न दोन माणसांच्या वैराकडे सरकतो. याला सोडलं, हा उलटला, असं सरळ गणित होतं. खरं काय झालं ते जास्त बोचणारं आहे, तिथे उलटलेला असा एक चेहरा नाही, नुसता पाऊस, भूक, वाट चुकणं आणि वेगळे झालेले मित्र आहेत. सोडलेल्या कैद्यांमुळेच आपला ठिकाणा कळला असा ठपका आनवर बसला, आणि त्या ठपक्याला उत्तर देता येईल असा कुठलाही पुरावा त्याच्याकडे असणं शक्य नव्हतं. चेहरा नसलेल्या दोषाबरोबर जगणं किती कठीण असेल.

आपल्यातच जपान्यांचा कुणी खबऱ्या आहे हा पिक्चरमधला गुप्तहेराचा धागा मात्र वाटतो तितका रचलेला नाही. पिक्चरमधला गद्दार काल्पनिक पात्र आहे, पण आनच्या खऱ्या वर्तुळात ओम इन-सोप नावाचा एक जण होता, आन, तो आणि आणखी एक अशा तिघांनी भाऊ म्हणून शपथ घेतली होती, ओम त्यातला थोरला. हाच माणूस पुढे जपान्यांचा खबऱ्या निघाला. म्हणजे त्या टेबलाभोवती जो संशय फिरत राहतो त्याला जमीन आहे.

बोट आणि स्टेशन

1909 च्या सुरुवातीला, रशियाच्या हद्दीतल्या एका खेड्यात आन आणि आणखी अकरा जणांनी डाव्या हाताच्या अनामिकेचं पेर कापलं आणि त्या रक्ताने कोरियाच्या झेंड्यावर देशाच्या स्वातंत्र्याची शपथ लिहिली. ही गोष्ट शौर्य म्हणून सांगितली जाते आणि आहेच, पण मोहीम फसल्यावर साधारण अर्ध्या वर्षात हे घडलंय हे ध्यानात घेतलं की तिला अजून एक अर्थ येतो. ज्याच्या शब्दावरचा विश्वास उडाला होता त्याने शब्दाच्या जागी स्वतःचं शरीर पुढे केलं, आणि अकरा जणांनी त्याच्याबरोबर तेच केलं, म्हणजे तेवढ्यांपुरता तरी विश्वास परत आला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बातमी आली की इतो चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात येणार आहे, रशियाचे अर्थमंत्री कोकोव्त्सोव यांना हार्बिनला भेटणार आहे. आनबरोबर उ दोक-सुन निघाला, पुढे चो दो-सन आणि दुभाष्या म्हणून कोवळ्या वयाचा यू दोंग-हा आले. दोन ठिकाणी थांबायचं ठरलं, आधीच्या चायजियागौ स्टेशनवर उ आणि चो, हार्बिनला आन. आधीच्या स्टेशनवर रशियन शिपायांनी दोघांना बाहेरच पडू दिलं नाही, गाडी निघून गेली. 26 ऑक्टोबर 1909, सकाळी साडेनऊच्या सुमाराला इतो हार्बिनच्या फलाटावर रशियन पलटणीची सलामी घेत होता. आनला त्याचा चेहरा नक्की माहीत नव्हता, पुढे चालणारा पांढऱ्या दाढीचा ठेंगणा म्हातारा तोच असणार असं धरून त्याने ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, तीन बसल्या, आणि माणूस चुकला असेल तर म्हणून त्याच्या मागच्यांवरही झाडल्या, त्यात जपानचे कॉन्सुल, सेक्रेटरी आणि रेल्वे कंपनीचा एक अधिकारी जखमी झाले. मग रशियन भाषेत कोरियाचा जयजयकार करून तो जागेवरच उभा राहिला, पळाला नाही. इतो थोड्याच वेळात गेला.

पिक्चर हा क्षण वरून दाखवतो, खूप उंचावरून, चेहरे दिसत नाहीत, इतोच्या मरणाचा क्लोजअप नाही, टाळ्या वाजवायला जागाच ठेवलेली नाही. काहींना हे थंड वाटलं. मला वाटतं सुरुवातीच्या कैद्यांच्या सीनला हेच जुळतं, शत्रूच्या मरणाचा आनंद करायचा नाही असं मानणारा माणूस आहे हा.

कोर्टात परत तोच मुद्दा

आता या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग, आणि पिक्चर नेमका यावर थांबत नाही याची मला चुटपुट लागून राहिलीय.

हार्बिन चीनच्या हद्दीत, रेल्वेचा पट्टा रशियाच्या ताब्यात, मारणारा कोरियन, मेलेला जपानी. खटला कुणी चालवायचा? रशियनांनी त्याच दिवशी आनला जपान्यांच्या हवाली केलं आणि जपानने 1905 च्या तहावर बोट ठेवलं, की बाहेरदेशीच्या कोरियन लोकांची जबाबदारी आमची. मग चीनमधल्या पण जपानच्या ताब्यात असलेल्या लुशुनला, म्हणजे तेव्हाच्या पोर्ट आर्थरला, जपानी कोर्टात खटला उभा राहिला. मदतीला आलेल्या कोरियन, रशियन आणि इंग्रज वकिलांना उभं राहू दिलं नाही, दोन जपानी वकील कोर्टानेच नेमले. न्यायाधीश, सरकारी वकील, आरोपीचे वकील, दुभाषे सगळे जपानी, आनने स्वतः यावर बोट ठेवलं होतं. आणि शिक्षा जास्तीत जास्त कडक व्हावी हे जपानचे परराष्ट्रमंत्री कोमुरा जुतारो यांच्याकडून खटल्याच्या आधीच कळवलं गेलं होतं.

7 ते 14 फेब्रुवारी 1910 एवढ्यात सगळं उरकलं. आनचं म्हणणं सरळ होतं. मी कोरियाच्या फौजेचा अधिकारी आहे, आमचं जपानशी युद्ध चालू आहे, इतोला मी त्या युद्धाचा भाग म्हणून मारलं, त्यामुळे मी युद्धकैदी आहे, मला साधा खुनी म्हणून नाही तर आंतरराष्ट्रीय कायद्याने वागवा. त्याच्या एका वकिलाने कोर्टाच्या अधिकारावरच प्रश्न उभा केला, तर दुसऱ्याने दया मागताना असं सुचवलं की इतोबद्दल याचा गैरसमज झाला होता, तर आनने शेवटच्या बोलण्यात ते ठामपणे नाकारलं, गैरसमज नव्हता, पूर्ण समजून केलंय.

आता शिनासान आठवा. कैद्यांना मारू नका, आंतरराष्ट्रीय कायदा आहे, असं जो साथीदारांना सांगत होता तोच आता म्हणतोय की तोच कायदा मला लावा. तो नियम त्याने स्वतःवर संकट आल्यावर शोधून काढलेला नाही, दीड वर्ष आधी तो नियम पाळण्यापायी फौज गमावून बसलेला माणूस बोलतोय. हेगच्या युद्धनियमांत स्वयंसेवकांच्या फौजेला सैनिक मानण्यासाठी चार अटी आहेत: जबाबदार वरिष्ठ पाहिजे, लांबून ओळखता येईल अशी खूण पाहिजे, हत्यार उघड बाळगलं पाहिजे, आणि युद्धाचे नियम पाळले पाहिजेत. हार्बिनच्या फलाटावर कोटाच्या आत पिस्तूल लपवून उभा असलेला आन दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीत बसत नाही, हे त्याच्यावर कितीही प्रेम असलं तरी मान्य करायला लागतं. पण चौथी अट, जी सगळ्यात अवघड, ती त्याने ज्या किमतीला पाळली होती त्या किमतीला फार कमी लोकांनी पाळली असेल. कोर्टाने या प्रश्नात खोलात जायचीच तयारी दाखवली नाही, जपानच्या फौजदारी कायद्याने साधा खून धरला आणि फाशी सुनावली. उ दोक-सुनला तीन वर्षं, बाकी दोघांना दीड-दीड वर्ष.

फाशीनंतर काय उरलं

शिक्षेनंतर तीन दिवसांनी वरच्या कोर्टाचे मुख्य न्यायाधीश हिराइशी यांच्याशी आनची लांब भेट झाली, तिची नोंद आहे. तिथे त्याने मांडलेली योजना वाचून मी थक्क झालो. जपानने लुशुन चीनला परत द्यावं, तिथे जपान, चीन आणि कोरियाची मिळून एक शांतता समिती असावी, तिन्ही देशांची मिळून बँक काढावी आणि एकच चलन चालवावं, तिन्हीकडच्या तरुणांची एक फौज असावी आणि त्यांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात. 1910 सालची, फाशीच्या कोठडीतली गोष्ट आहे ही. ज्या माणसाला जपानने जपानचा शत्रू ठरवलं त्याच्या डोक्यात जपानला सोबत घेऊन चालायचं चित्र होतं, आणि जपानी लोक वेगळे, इतोचं धोरण वेगळं, हा फरक तो शिनासानच्या कैद्यांपुढे उभा राहून जसा करत होता तसाच इथेही करतोय.

त्याने अपील केलं नाही. पूर्वेच्या शांततेवर एक निबंध लिहायला घेतला होता, तो पूर्ण करायला वेळ द्या एवढंच मागितलं, वेळ मिळेल असं त्याला सांगितलंही गेलं. कोरियातले कॅथलिक बिशप म्यूतेल यांनी फादर पाठवायला नकार दिला तरी विल्हेल्म फादर वरिष्ठांचा विरोध पत्करून लुशुनला गेले आणि कॅथलिक रीतीप्रमाणे त्याचा पापांचा कबुलीजबाब ऐकून आले, त्याची शिक्षा त्यांना चर्चकडून भोगायला लागली. तुरुंगातल्या जपानी पहारेकऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी त्याच्याकडून सुलेखनातली अक्षरं लिहून घेतली, ज्यांच्याखाली सहीच्या जागी डाव्या पंजाचा ठसा आहे आणि अनामिका आखूड आहे. चिबा तोशिची नावाच्या पहारेकऱ्याने तर ते अक्षर आयुष्यभर घरात जपलं आणि त्याच्यापुढे हात जोडले. वेळेचा शब्द मात्र पाळला गेला नाही. 26 मार्च 1910 ला सकाळी दहा वाजता फाशी झाली, देह घरच्यांना दिला नाही, आणि ऑगस्टमध्ये कोरिया जपानने पूर्णच गिळला.

निबंधाची प्रस्तावना झाली होती, पहिलं प्रकरण लिहून होत आलं होतं, बाकीच्या तीन प्रकरणांची नुसती नावं आहेत. जे लिहून झालंय त्यात तो 1905 च्या त्याच विजयाकडे जातो, ज्याचं आशियाभर कौतुक झालं होतं. तो लिहितो की कोरिया आणि चीनच्या लोकांनी तेव्हा जपानला मनापासून मदत केली होती, कारण जपानच्या सम्राटाने जाहीर केलेल्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. शिनासानच्या कैद्यांना त्याने विचारलेला पहिला प्रश्नही याच शब्दाबद्दलचा होता. पिक्चरने दहा मिनिटं पाठलागातली काढून या कोठडीतल्या बोलण्याला दिली असती तर तो आणखी स्लो झाला असता हे मला माहीत आहे, आणि तरी ती दहा मिनिटं मला हवी होती, कारण सुरुवातीला निघून गेलेल्या त्या अधिकाऱ्याला आनने दिलेलं अर्धं राहिलेलं उत्तर तिथे पुरं होतं.